हँडबॉल खेळाडूचा खांदा आणि ‘चेता-स्नायू प्रशिक्षण’ : एक परीक्षण

काही संज्ञा अशा असतात की त्या नुसत्या उच्चारल्या तरी काहीतरी सिद्ध झाल्यासारखे वाटू लागते. व्यायामशास्त्रातील ‘चेता-स्नायू प्रशिक्षण’ ही संज्ञा त्यांपैकी एक होय. स्नायूचे बल वाढविणे हे एक काम झाले. परंतु योग्य स्नायूने योग्य क्षणी आणि योग्य प्रमाणात आकुंचन पावावे, सांध्याच्या स्थितीची वार्ता मज्जातंतूंमार्फत वेळेवर पोहोचावी व तिला वेळेवर उत्तर मिळावे, यासाठी जी तालीम द्यावयाची तिला हे नाव आहे. व्याख्या म्हणून यात काही वावगे नाही. अडचण पुढेच सुरू होते. रबरी पट्टा ओढणे, डळमळत्या फळीवर हात टेकून जोर काढणे, वजनदार चेंडू भिंतीवर आपटणे, खांद्याची मागची बाजू ताणणे, कमरेच्या व धडाच्या स्नायूंचे व्यायाम, हे सारे प्रकार या एकाच छत्रीखाली उभे केले जातात. मग फेकीचा वेग वाढला, दुखणे उतरले अथवा एखाद्या कसोटीतील गुण सुधारले, की ते ‘चेता-स्नायू नियंत्रण सुधारल्यामुळे’ घडले असे निःशंकपणे लिहिले जाते. ते नियंत्रण मोजलेले मात्र क्वचितच असते. हँडबॉलच्या खांद्याविषयी २०१४ सालापासून जे महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याची या एका बाजूने तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा मैदानावर, साठ मिनिटांच्या सामन्यात, पुरुष खेळाडू ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा चेंडू एका हाताने फेकीत असतो. फेक ही हाताची क्रिया दिसते, पण ती पायांपासून सुरू होते. पाय, कटी, धड, खांदा, कोपर व मनगट या क्रमाने वेग एका अवयवाकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. हात मागे गेला असता दंडाचे हाड आपल्याच अक्षाभोवती बाहेरच्या बाजूस जवळजवळ टोकापर्यंत वळलेले असते, आणि तेथून ते क्षणार्धात आत वळते. या आत वळण्याला आपण अंतर्वलन व उलट क्रियेला बहिर्वलन म्हणू. चेंडू सुटल्यानंतर त्या धावत्या हाताला आवर घालण्याचे काम खांद्याच्या मागील बाजूच्या लहान स्नायूंवर, विशेषतः इन्फ्रास्पायनेटस व टेरिस मायनर यांवर, पडते. दंडाच्या हाडाचा गोळा ज्या उथळ खोबणीत फिरतो ती खोबण अंसफलकाची, म्हणजे आपण ज्याला खवाटा म्हणतो त्या हाडाची आहे. आणि खवाटा स्वतः बरगड्यांवर स्नायूंच्याच आधाराने सरकत असतो. पाया हलता असताना त्यावर उभारलेल्या यंत्राने अचूक काम करावयाचे, अशी ही रचना आहे. तेव्हा खवाट्याचे नियंत्रण बिघडले तर खांदा बिघडेल हा तर्क कोणाच्याही मनास पटावा असाच आहे. अमेरिकेतील किब्लर यांनी तो शास्त्रीय वाङ्मयात दीर्घकाळ आग्रहाने मांडला.

परंतु या विषयातील बरेचसे ज्ञान बेसबॉलमधील चेंडू टाकणाऱ्याच्या खांद्यावरून आलेले आहे, आणि ते जसेच्या तसे हँडबॉलवर लादणे धोक्याचे आहे. बेसबॉलचा खेळाडू उंचवट्यावर स्थिर उभा राहून, कोणाच्याही अडथळ्याविना चेंडू टाकतो. त्याच्या फेकी मोजता येतात आणि मोजल्याही जातात. हँडबॉलमध्ये फेक बहुधा उडी मारून होते. पायाखाली जमीन नसते, म्हणजे ज्या साखळीतून बळ येते तिची पहिली कडीच सुटलेली असते. शिवाय प्रतिपक्षाचा बचावपटू फेकणाऱ्याच्या हातालाच भिडतो, आणि पुढे निघालेला हात अर्ध्यावर अडविला जातो. आणखी असे की, गोलावरील फेक ही एकूण फेकींचा लहान हिस्सा असते. पास, सरावातील पुनरावृत्ती व गोलरक्षकाला तयार करण्यासाठी रांगेने केलेल्या फेकी यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. त्यामुळे ‘किती भार पडला’ हा साधा प्रश्नही हँडबॉलमध्ये अवघड होऊन बसतो.

‘चेता-स्नायू’ हे नाव या क्षेत्रात कोठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. ते खांद्याचे नव्हे, गुडघ्याचे. नॉर्वेत हँडबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातील पुढचा क्रूसबंध तुटण्याचे प्रमाण चिंताजनक होते, आणि त्यातून ओस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राचे काम उभे राहिले. २००५ साली ऑल्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० क्लबांतील १,८३७ तरुण खेळाडूंवरील चाचणी प्रसिद्ध केली. धावणे, वळणे, उडीनंतर जमिनीवर उतरणे आणि तोल यांचे शिक्षण देणाऱ्या तयारीच्या व्यायामांनी गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या. येथे नाव व वस्तू यांचा मेळ बसतो. गुडघा एका क्षणात, एका चुकीच्या उतरण्यात जातो, आणि शिकविले जाते ते नेमके उतरणेच. खांद्याची गोष्ट वेगळी आहे. हँडबॉल खेळाडूचा खांदा बहुधा एका क्षणी जात नाही; तो झिजत जातो. आज चेंडू फेकताना टोचते, महिन्याने रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, आणि खेळाडू तरीही खेळत असतो. गुडघ्याच्या यशाने मिळालेली प्रतिष्ठा या संज्ञेने खांद्यापर्यंत वाहून आणली. तिचा आधार मात्र मागेच राहिला, असे आमचे मत आहे.

आता प्रत्यक्ष संशोधनाकडे वळू. क्लार्सन, बार, म्यूक्लेबुस्त आदींनी २०१४ साली नॉर्वेच्या पुरुषांच्या सर्वोच्च साखळीतील २०६ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामापूर्वी खांदे तपासावयाचे आणि हंगामभर त्रासाची नोंद ठेवावयाची, अशी पद्धत होती. कोणत्याही एका वेळी सरासरी २८ टक्के खेळाडूंना खांद्याचा काही ना काही त्रास होता. बहिर्वलनाचे बल कमी असणे, खांद्याच्या एकूण वळणाचा पल्ला कमी असणे आणि खवाट्याची हालचाल उघडपणे बिघडलेली असणे या तीन गोष्टींचा त्रासाशी संबंध आढळला. या अभ्यासाचे मोल मोठे आहे. सराव चुकला तरच दुखापत मानण्याची जुनी रीत त्याने सोडली आणि दुखत असताना खेळणाऱ्यालाही गणतीत घेतले. तथापि खवाट्याचा बिघाड हा तपासनिसाने डोळ्यांनी पाहून ठरविला होता, हे विसरता कामा नये.

याच तीन धाग्यांवर ओस्लो केंद्राने व्यायामक्रम विणला : बहिर्वलनाचे बल, खवाट्याच्या स्नायूंचे बल, अंतर्वलनाचा पल्ला, पाठीच्या कण्याच्या वरच्या भागाची लवचिकता आणि पायांपासून हातापर्यंतच्या साखळीचा समन्वय. सरावापूर्वी दहा मिनिटे, आठवड्यातून तीन वेळा. अँडरसन व सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याची चाचणी प्रसिद्ध केली. ४५ संघ, ६६० खेळाडू, स्त्रिया व पुरुष दोन्ही, आणि सात महिन्यांचा कालावधी. गटवाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक रीतीने झाली, आणि तीही खेळाडूंची नव्हे तर संघांची. ते योग्यच होते. एकाच संघातील दोघांना वेगळे व्यायाम देणे व्यवहारात टिकत नाही.

निष्कर्ष असा : व्यायाम करणाऱ्या गटात खांद्याच्या त्रासाचे सरासरी प्रमाण १७ टक्के, दुसऱ्या गटात २३ टक्के. ऑड्स-गुणोत्तर ०.७२, त्याचा विश्वास-अंतराल ०.५२ ते ०.९८. ज्या त्रासामुळे सराव वा खेळ बऱ्यापैकी घटतो अशा गंभीर त्रासाचे प्रमाण ५ व ८ टक्के, गुणोत्तर ०.७८, अंतराल ०.५३ ते १.१६.

या आकड्यांचे वाचन सावधपणे करावयास हवे. पहिले म्हणजे शंभर खेळाडूंमागे कोणत्याही वेळी सहा जणांचा त्रास कमी, हा लाभ खरा मानला तर क्षुल्लक नाही. दहा मिनिटांच्या, जवळजवळ बिनखर्ची उपायाला तो पुष्कळच म्हटला पाहिजे. पण अंतरालाचे वरचे टोक एकाला टेकलेलेच आहे, आणि गंभीर त्रासाबाबत तर ते एकाच्या पलीकडे जाते. ज्या त्रासासाठी प्रशिक्षक व्यायाम करवून घेईल त्या त्रासाबद्दल ही चाचणी ठामपणे काही सांगू शकत नाही. दुसरे, आपण व्यायाम करीत आहोत हे खेळाडूंना ठाऊक होते आणि त्रासाची नोंदही तेच करीत होते. रोज खांद्याची निगा राखणारा खेळाडू हलक्या दुखण्याला त्रास म्हणेल की नाही, हे त्याच्या मनावर अवलंबून असते. अशा प्रयोगात ही गोष्ट टाळता येत नाही; तिचा उल्लेख न करणे मात्र टाळता येते. तिसरे, ०.७२ या गुणोत्तराचे ‘धोका २८ टक्क्यांनी घटला’ असे भाषांतर सर्रास केले जाते. ऑड्स म्हणजे धोका नव्हे. येथे दोहोंतील अंतर लहान आहे म्हणून निभावते, एवढेच. आणि चौथे, व्यायाम ठरल्याप्रमाणे तीन वेळा झालेच नाहीत. प्रत्यक्षातील सरासरी साधारण निम्म्यावर राहिली. परिणाम मात्राशील असेल तर पूर्ण मात्रेने तो वाढेल, अशी आशा यातून काहींनी काढली. ती आशाच आहे.

इथपर्यंत सारे नेहमीच्या वाटेने जाते. विषय खऱ्या अर्थाने रंगतो तो यानंतर. याच चाचणीतील व्यायाम न केलेल्या ३२९ खेळाडूंवर, २०१४ मधील धोक्याची कारणे पुन्हा लागू पडतात का, हे अँडरसन आदींनी तपासले, आणि २०१८ साली लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले की पूर्वीच्या निष्कर्षांना दुजोरा मिळाला नाही. बहिर्वलनाचे बल, एकूण पल्ला, खवाट्याचा बिघाड, यांपैकी कशाचाही अपेक्षित संबंध दिसला नाही. आपल्याच केंद्राच्या पायाभूत निष्कर्षाविरुद्ध गेलेला निकाल इतक्या मोकळेपणाने मांडणे ही संशोधनवृत्तीची खूण आहे, आणि ती नोंदविल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

पुढचा आघात अधिक खोल आहे. फ्रेडरिक्सेन, कूल्स, बार व म्यूक्लेबुस्त यांनी २०२० साली सरळ प्रश्न विचारला : हा परिणामकारक ठरलेला व्यायामक्रम ज्या गुणांत सुधारणा करण्यासाठी रचला, त्यांत तो सुधारणा करतो काय? तरुण हँडबॉल खेळाडूंनी काही महिने आठवड्यातून तीन वेळा तो केला. बहिर्वलनाचे बल वाढले नाही, अंतर्वलनाचा पल्ला वाढला नाही. निदान नेहमीचा सराव करणाऱ्या गटापेक्षा अधिक तरी नाही. २०२१ साली त्याच संशोधकांच्या कामातून आणखी एक चाचणी पुढे आली. खास बहिर्वलनाच्या बलासाठी आठ आठवडे तालीम दिली, तरी नुसत्या सरावाहून अधिक लाभ मिळाला नाही.

हा पेच विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. औषध रोग उतरविते असे दिसते. परंतु ते ज्या दोषावर चालते असे सांगितले होते त्या दोषावर ते चालत नाही, आणि तो दोष रोगाचे कारण आहे की नाही हेही संशयित झाले आहे. अशा स्थितीत दोन वाटा उरतात. एक, परिणाम मुळातच फसवा होता; नोंदीतील पक्षपात आणि योगायोग यांनी मिळून ०.७२ हा आकडा दिला. दुसरी, परिणाम खरा आहे पण त्याचा मार्ग वेगळा आहे. पहिल्या वाटेविरुद्ध एक बळकट साक्ष आहे. स्वीडनमध्ये आस्कर व सहकाऱ्यांनी किशोरवयीन खेळाडूंचे तीन गट करून खांद्याचा व्यायाम, गुडघ्याचा व्यायाम व नेहमीचा सराव यांची तुलना केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत खांद्याच्या गटातील खांदे-दुखापतींचा दर निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. वेगळा देश, वेगळे वय, वेगळा व्यायामक्रम, आणि दिशा तीच. म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेकडे झुकतो.

मग तो वेगळा मार्ग कोणता? येथे ‘चेता-स्नायू’ पक्षाचे समर्थक म्हणतील की, बल व पल्ला ही स्थूल मापे आहेत. सुधारले ते सूक्ष्म नियंत्रण, स्नायू जागे होण्याची वेळ. ही शक्यता नाकारता येत नाही. बेल्जियममधील गेंट येथे कूल्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोक्यावरून फेक वा फटका मारणाऱ्या ज्या खेळाडूंच्या खांद्यात दुखणे होते, त्यांचा हात अचानक खाली सोडला असता ट्रॅपेझियस स्नायूचे मधले व खालचे भाग उशिरा जागे होतात असे दाखविले. पण हे खांदे आधीच दुखणारे होते. दुखण्यामुळे उशीर झाला की उशिरामुळे दुखणे झाले, हे त्यावरून ठरत नाही. आणि ओस्लोच्या व्यायामाने हा उशीर कमी होतो, असे हंगामभराच्या मोठ्या चाचणीत कोणी मोजून दाखविलेले नाही. जे मोजले ते बदलले नाही म्हणून जे मोजले नाही ते बदलले असेल, हा युक्तिवाद शास्त्रात फार दूर नेऊ नये.

आम्हांस अधिक संभाव्य वाटणारे उत्तर साधे आहे. डेन्मार्कमधील मोलर व सहकाऱ्यांनी २०१७ साली ६७९ तरुण खेळाडूंचा ३१ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या आठवड्यातील हँडबॉलचा भार मागील आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक वाढला, तर खांद्याच्या दुखापतीचा दर जवळजवळ दुप्पट होतो, असे त्यांना आढळले. भार २० ते ६० टक्क्यांनी वाढला तर त्याचा जाच ज्यांचे बहिर्वलनाचे बल कमी किंवा ज्यांच्या खवाट्याची हालचाल बिघडलेली, त्यांनाच विशेष होतो. त्यांच्यात तो दर चौपट व त्याहून अधिक झालेला दिसला. म्हणजे दुबळा खांदा आपोआप दुखत नाही. अचानक ओझे पडले की तो दुखतो. हे मान्य केले तर २०१४ व २०१८ मधील विरोधही बराच सैल होतो, कारण हंगामापूर्वी एकदा मोजलेल्या बलाचा संबंध पुढील भार किती व कसा वाढला यावर ठरणार. व्यायामक्रमाच्या यशाचाही उलगडा याच रीतीने होऊ शकेल. सरावाच्या आरंभी दहा मिनिटे क्रमाक्रमाने खांदा तापविला जातो, थंड खांद्याने रांगेत उभे राहून गोलरक्षकावर तडाखे मारणे टळते, आणि प्रशिक्षकाचे लक्ष एकदा खांद्याकडे वळले की तो फेकींचा डोंगर रचण्याआधी विचार करतो. हाही तर्कच आहे. पण तो तपासता येण्याजोगा तर्क आहे.

‘कार्यक्षमता’ मोजणाऱ्या कसोट्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण पदव्युत्तर प्रबंधांत त्यांचाच सुळसुळाट असतो. जोर काढण्याच्या स्थितीत राहून जमिनीवरील ९१ सेंटिमीटर अंतराच्या दोन पट्ट्यांना आलटून पालटून हात लावावयाचा आणि पंधरा सेकंदांतील स्पर्श मोजावयाचे, ही एक. बसून वजनदार चेंडू छातीपासून फेकणे ही दुसरी. नेहमीचा नमुना असा असतो : महाविद्यालयीन तीस खेळाडू, पंधरा-पंधराचे दोन गट, सहा आठवडे व्यायाम, आधी व नंतर या कसोट्या, आणि शेवटी ‘सदर प्रशिक्षणाने चेता-स्नायू नियंत्रण सुधारून दुखापतींना आळा बसेल’ हे वाक्य. व्यायामात हात टेकून तोल सांभाळावयास शिकविले आणि कसोटीतही तेच विचारले, तर गुण वाढणे अपरिहार्य आहे; परीक्षेचीच प्रश्नपत्रिका शिकविल्यासारखे ते झाले. दोन्ही कसोट्यांत खांदा फेकीच्या टोकाच्या स्थितीत जातच नाही, हे वेगळेच. आणि सहा आठवड्यांत, पंधरा खेळाडूंत, दुखापतींविषयी काही म्हणता येण्याइतक्या दुखापती घडत नाहीत. ज्या चाचणीने ६६० खेळाडू सात महिने पाहिले तिलाही गंभीर त्रासाबाबत हात आखडता घ्यावा लागला, तेथे तिसांची काय कथा!

यावर असे म्हटले जाईल की, नॉर्वेइतकी साधने आपल्याकडे नाहीत. हे अर्धेच खरे आहे. ओस्लोच्या संशोधनातील सर्वांत उपयुक्त साधन यंत्र नसून एक प्रश्नावली आहे, आणि तिच्यासाठी कागद पुरतो. क्लार्सन, म्यूक्लेबुस्त व बार यांनी २०१३ साली ती मांडली. चारच प्रश्न : खांद्याच्या त्रासामुळे खेळात भाग घेण्यास अडचण आली काय, सराव किती कमी करावा लागला, खेळाचा दर्जा किती उतरला, आणि दुखले किती. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांत हँडबॉलचा प्रथम समावेश झाला, तेव्हापासून हा खेळ आपल्या शाळा-महाविद्यालयांत चांगला रुजला आहे. तो पुष्कळ ठिकाणी बंदिस्त लाकडी जमिनीऐवजी उघड्या मैदानावर खेळला जातो, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की सरावाचे तास एकाएकी वाढतात. मोलर यांनी वर्णिलेली भारवाढ तपासण्यास याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. एका विभागाने दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध एकाच नोंदपद्धतीवर बेतले, तर तिसांचे नव्हे, तीनशेंचे निरीक्षण हाती येईल.

तेव्हा भाषेची एक अडचण मात्र येईल आणि ती वाटते तशी किरकोळ नाही. मूळ प्रश्नावलीतील कळीच्या शब्दासाठी ‘दुखापत’ हा शब्द घालण्याचा मोह होतो. पण मराठी खेळाडूच्या कानाला दुखापत म्हणजे पडणे, मार लागणे, निखळणे. महिनाभर ‘खांदा भरून येतो’, ‘खांदा धरलाय’, ‘हात वर नेला की कळ येते’ असे सांगणारा खेळाडू दुखापतीच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील, आणि झिजेचे सारे दुखणे, ज्याच्यासाठी ही प्रश्नावली जन्मास आली, नोंदीबाहेर राहील. उलट ‘दुखते का’ असे विचारले तर सरावानंतरचा साधा शिणवटाही तिच्यात शिरेल. ‘त्रास’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा. कोल्हापूर, नागपूर आणि पणजी येथील खेळाडू तो एकाच अर्थाने घेतात की नाही, हे प्रश्नावली वापरण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस जणांना विचारून पाहावे लागेल.